त्वचेच्या कर्करोगाचा सर्जन व्हावं का? की 'तीळ काढणारी डॉक्टर' म्हणूनच जन्म जायचा?

धारवाली
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. धागा पहिलाच, सांभाळून घ्या.

त्वचारोगशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणाचं माझं शेवटचं वर्ष चालू आहे. बरोबरचे बहुतेक जण लेसर, केस आणि सुरकुत्यांच्या मागे निघालेत. माझ्या डोक्यात वेगळाच किडा आहे. दुसऱ्या वर्षी एका सरांच्या हाताखाली त्वचेच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रिया पाहिल्या आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही. मोज सर्जरीची (कर्करोग थराथराने काढायचा आणि प्रत्येक थर लगेच सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचा, ती पद्धत) फेलोशिप करावी म्हणते.

घरचे म्हणतात, एवढं शिकून तीळच काढणार का? सर्जरीतली मैत्रीण म्हणते, ही काही खरी सर्जरी नव्हे. त्वचेतली मैत्रीण म्हणते, सुखाचा जीव दुःखात कशाला घालतेस? म्हणजे दोन्ही घरचा पाहुणा उपाशी.

हे काम वीस वर्षं करत राहण्यासारखं आहे का? हात चुकला तर काय होतं? आणि औषधं इतकी सुधारत चालली असताना सुरीला काम उरेल का? जे या कामात आहेत, ज्यांच्यावर अशी शस्त्रक्रिया झालीय, सगळ्यांनीच लिहा.

चष्मा_शोधतोय
रुमाल टाकून ठेवतो. सवडीने वाचेन.

उगाच
मोज सर्जरी म्हणजे मोजूनमापून कापायची का? (कृपया हलके घ्या.)

खडूफळा
@उगाच, विनोद केलात पण नेमका बाण लागला! मोज हे माणसाचं नाव आहे. फ्रेडरिक मोज, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातले सर्जन, १९१० ते २००२. (खनिजांच्या काठिण्याची मोजपट्टी करणारे मोज वेगळे. हा प्रश्न दहाव्या प्रतिसादाच्या आत येणारच होता, म्हणून आधीच सांगून टाकतो.) काही जण ते नाव कुठल्यातरी लांबलचक शब्दाचं लघुरूप समजून सगळी अक्षरं ठळक लिहितात, तेही चूक.

गोष्ट मजेशीर आहे. विद्यार्थी असताना ते कर्करोगाच्या गाठींत निरनिराळी रसायनं टोचून पाहण्याच्या प्रयोगात मदत करत होते. झिंक क्लोराइडने पेशी मरतात, पण सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची ठेवण जशीच्या तशी राहते, हे त्यांच्या लक्षात आलं. मग डोकं चाललं: गाठीवर या रसायनाचा लेप लावायचा, तो भाग जागच्या जागी 'टिकवायचा', थर कापून खालून बघायचा, रोग उरला असेल तिथे पुन्हा लेप. १९३६ पासून रुग्णांवर सुरू केलं आणि १९४१ साली निबंध छापला. फार दुखायचं म्हणे. एका दिवसात एकच थर होई, म्हणजे माणूस रोज दुखणं घेऊन घरी जायचा आणि रोज परत यायचा.

लेप जाऊन भूल देऊन ताजा थर गोठवण्याची पद्धत रूढ व्हायला सत्तरीचं दशक उजाडलं. सर्जन मंडळी सुरुवातीला या पद्धतीकडे ढुंकूनही बघेनात. ती उचलून धरली त्वचारोगवाल्यांनी. एका सर्जनने शोधलेली शस्त्रक्रिया आज मुख्यतः त्वचेचे डॉक्टर करतात ती अशी.

शिलाई_मशीन
ढुंकूनही बघेनात असं नाही हो. आम्ही प्लास्टिक सर्जन आजही बघतो. तुम्ही खड्डा करून पाठवता, आम्ही बुजवतो.

टाका_एकेरी
@शिलाई_मशीन, या या, तुमचीच वाट बघत होतो. तुमच्याशी नंतर भांडतो.

@धारवाली ताई, मी त्वचेतूनच आलो आणि सतरा वर्षं हेच काम करतोय. तुमच्या दोन्ही मैत्रिणी अर्ध्या अर्ध्या बरोबर आहेत.

बाकीच्यांना कळावं म्हणून आधी काम सांगतो. रुग्ण पूर्ण जागा असतो. गाठीभोवती भूल द्यायची, दिसणारी गाठ खरवडून काढायची, मग तिच्या खालून बशीसारखा एक पातळ थर काढायचा. सुरी तिरकी धरायची, म्हणजे त्या बशीची कड नंतर दाबून तळाच्या पातळीत सपाट बसवता येते. थराच्या बाजूंना वेगवेगळे रंग लावायचे, कागदावर चेहऱ्याचा नकाशा काढून त्यावरही तेच रंग भरायचे. थर गोठतो, आडवा कापला जातो आणि तासाभरात स्लाइड माझ्यापुढे येते. ती बघणारा मीच. एखाद्या कोपऱ्यात रोग दिसला तर नकाशावर लाल खूण करायची आणि तेवढाच कोपरा पुन्हा काढायचा. बाकीच्या त्वचेला हात लावायचा नाही.

नेहमीच्या तपासणीत काढलेल्या तुकड्याचे मधूनमधून उभे काप घेतात. त्यात प्रत्यक्ष कडेचा एक टक्काही भाग डोळ्यांखालून जात नाही. इथे जवळपास सगळी कड दिसते. पहिल्यांदाच झालेला बेसल सेल (त्वचेच्या कर्करोगाचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार) असेल तर या पद्धतीने पाच वर्षांनी ९९ टक्क्यांच्या आसपास लोक मोकळे असतात.

आता कामातली खरी मेख. कापलं मी, कडेला रोग उरला की नाही हे बघायचंही मीच. स्वतःचा पेपर स्वतःच तपासायचा! इतर सर्जनला पॅथॉलॉजिस्ट सांगतो 'राहिलंय बरं का', तेव्हा त्याच्यावर चिडता तरी येतं. इथे चिडायला कोणीच नाही. ज्याला आपली चूक बघवत नाही त्याने या वाटेला येऊच नये. बाकी हात काय, शिकतोच.

उगाच
'स्वतःचा पेपर स्वतःच तपासायचा' हे शाळेत असतं तर मी आज इथे नसतो.

नाकावरची_पट्टी
मी टेबलावरची बाजू सांगते. निवृत्त शिक्षिका आहे. नाकपुडीच्या बाजूला एक पुळी यायची, रक्त यायचं, खपली धरायची, बरी झाली म्हणेपर्यंत पुन्हा तेच. असं दीड वर्ष. मी क्रीम लावत बसले. शेवटी बायोप्सी झाली आणि बेसल सेल निघाला.

शस्त्रक्रियेचा दिवस आठवतो तो त्या बाहेरच्या खोलीमुळे. आम्ही सात-आठ जण, कुणाच्या कानाला पट्टी, कुणाच्या कपाळाला, तिघांच्या नाकाला. सगळ्यांचा पहिला थर काढून झालेला, सगळे निकालाची वाट बघत बसलेले. दार उघडलं की आठही पट्ट्या एकदम तिकडे वळायच्या. शेजारच्या काकांना 'झालं, आता टाके' म्हणून बोलावलं तेव्हा लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. मला दोनदा 'अजून थोडं राहिलंय' ऐकावं लागलं. दुसऱ्या वेळी रडू आलं, दुखत नव्हतं तरी. एक गोष्ट आधी कोणी सांगितली नव्हती: रक्तवाहिन्या डागताना आपल्याच कातडीचा वास येतो. नाकावरच काम चाललेलं, तोंड फिरवणार कुठे?

तिसऱ्या फेरीनंतर डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर आल्या. नर्सला पाठवलं नाही. माझ्यासमोर खाली बसल्या, खालून वर बघत म्हणाल्या, "निघालं सगळं. खड्डा रुपयाएवढा आहे. आरसा आत्ता बघायचाय की टाक्यांनंतर?" मी म्हटलं, आत्ता. बघितला. बरं केलं, कारण नंतरचा व्रण मग काहीच वाटला नाही.

धारवाली बाळा, तू हो सर्जन. पण आरसा कधी द्यायचा ते त्या बाईंकडून शिक.

धारवाली
@नाकावरची_पट्टी, बाई, हा प्रतिसाद जपून ठेवते. सरांनीही हे कधी सांगितलं नव्हतं.

शेवटचा_बाक
सगळे आरती ओवाळतायत, तर थोडी काडी टाकतो. बेसल सेल हा अतिशय सावकाश वाढणारा, क्वचितच पसरणारा रोग. त्यासाठी दिवसभराची शस्त्रक्रिया, प्रयोगशाळा, नकाशे, रंगपंचमी. नेदरलँड्समध्ये चेहऱ्यावरच्या बेसल सेलवर नीट चिठ्ठ्या टाकून चाचणी केली होती. दहा वर्षांनी रोग पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण मोजच्या गटात ४.४ टक्के, साध्या शस्त्रक्रियेच्या गटात १२.२ टक्के. आणि पहिल्यांदाच झालेल्या रोगात हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्का ठरला नाही. त्यात अमेरिकेत पैसे थरागणिक मिळतात. अजून एक फेरी म्हणजे अजून एक बिल. पुढचं बोलायला नको.

टाका_एकेरी
@शेवटचा_बाक, आकडे बरोबर. पण त्याच चाचणीतला अर्धा भाग गाळलात. एकदा काढून पुन्हा उद्भवलेल्या रोगात ३.९ विरुद्ध १३.५ टक्के, आणि तो फरक पक्का ठरला. रोग चेहऱ्यावर परत येतो तेव्हा व्रणाच्या खाली लपून मुळं धरतो, कधी नसेच्या बाजूने सरकत जातो. वरून तिळाएवढा दिसणारा आत सुपारीएवढा निघतो.

पैशांचं म्हणणं मात्र खोडून काढत नाही. जिथे थरागणिक मोबदला आहे तिथे मोह होणारच. (उगाच, ही कोटी तुमच्यासाठी सोडली होती.) म्हणूनच २०१२ साली अमेरिकेतल्या चार संघटनांनी एकत्र बसून कुठल्या गाठीला, कुठल्या जागी ही पद्धत योग्य आणि कुठे अयोग्य याचे निकष ठरवले. नाक, पापण्या, ओठ, कान इथे त्वचेचा प्रत्येक मिलिमीटर मोलाचा, तिथे हीच. पाठीवरच्या छोट्या वरवरच्या गाठीला हा थाट करणारा सर्जन दिसला तर खुशाल प्रश्न विचारा.

निसर्गपुत्र
एवढी कापाकापी कशाला? झिंक आणि एका लाल मुळीचा काळा लेप मिळतो. गाठीवर लावला की ती आपोआप गळून पडते. आपल्या शरीराला सगळं कळतं.

खडूफळा
@निसर्गपुत्र, तुमच्या लेपात आणि मोज यांच्या मूळ लेपात झिंक क्लोराइड आणि ती लाल मुळी दोन्ही सारखीच आहेत. फरक एवढाच की मोज प्रत्येक थर काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. तुमच्यात बघणारा कोणी नाही. वरची खपली गळते, रोग खाली वाढत राहतो, आणि जाताना चांगलं मांसही जळतं.

काळा_तीळ
मी कर्करोग शल्यचिकित्सेतून आलो आहे, माझं बहुतेक काम मेलानोमाचं, म्हणजे त्वचेतल्या रंगपेशींच्या कर्करोगाचं. या लेपाने नाकपुडी गमावलेली माणसं पाहिली आहेत. @निसर्गपुत्र, शरीराला सगळं कळत असतं तर मी बेकार झालो असतो.

धागाकर्तीसाठी थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे सगळं बेसल सेलवरच चाललंय. 'त्वचेच्या कर्करोगाचा सर्जन' म्हणताना लोक दोन अगदी वेगळी आयुष्यं एका नावात कोंबतात. टाका_एकेरींचा रुग्ण बहुधा संध्याकाळी बरा होऊन घरी जातो. माझा रुग्ण संध्याकाळी घरी जातो आणि पुढची पाच वर्षं माझ्याकडे येताना प्रत्येक वेळी त्याच्या पोटात गोळा येतो.

मेलानोमाच्या शस्त्रक्रियेचा इतिहास म्हणजे कमी कापायला शिकण्याचा इतिहास. १९०७ साली लंडनच्या हँडली नावाच्या सर्जनने एका, फक्त एका, मृत रुग्णाचं शवविच्छेदन करून किती रुंद कड काढावी हे सांगितलं. त्यावरून गाठीभोवती पाच सेंटीमीटरची कड हा जणू वेदच झाला. पुढची साठ-सत्तर वर्षं लोकांच्या पायांवर, पाठीवर, गालांवर ताटलीएवढे खड्डे पाडले गेले. १९७० मध्ये ब्रेस्लो यांनी दाखवलं की महत्त्वाची आहे ती गाठीची जाडी, मिलिमीटरमध्ये. मग चाचण्या झाल्या आणि कड आली एक ते दोन सेंटीमीटरवर.

काखेतल्या आणि जांघेतल्या लसीका गाठींचंही तेच. आधी सगळ्यांच्या सरसकट काढायचे. १९९२ मध्ये मॉर्टन यांनी निळा रंग टोचून, रोग सगळ्यात आधी पोचतो ती पहारेकरी गाठ शोधायची पद्धत छापली, म्हणजे तीच काढून तपासायची. २०१७ च्या मोठ्या चाचणीत दिसलं की पहारेकरी गाठीत रोग सापडला तरी उरलेल्या सगळ्या लगेच काढून रुग्ण जास्त जगत नाही. मी उमेदीची वर्षं ज्या शस्त्रक्रियेत हात बसवण्यात घालवली, ती एका निबंधाने जवळजवळ बंद केली. गाठी काढल्यावर सूज येऊन खांबासारखे झालेले ते पाय आठवले की वाटतं, बरं झालं बंद झाली. पण तो निबंध वाचला त्या रात्री झोप लागली नव्हती, हेही खरं.

म्हणून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: २०११ नंतर आलेल्या प्रतिकारशक्तीच्या औषधांनी पसरलेल्या मेलानोमाचं चित्रच बदललं. आता तर वाढलेल्या रोगात औषध आधी, सुरी नंतर असं चाललंय, आणि कधी कधी सुरी लागेपर्यंत गाठीत जिवंत पेशीच उरलेली नसते. काम राहील. पण आज शिकाल तेच पंचवीस वर्षं कराल या भ्रमात राहू नका.

चष्मा_शोधतोय
चष्मा सापडला. वरचा प्रतिसाद दोनदा वाचला. हात जोडून दंडवत.

पाऊलवाट
माझा प्रश्न जरा अवांतर आहे. वडील नव्वदीचे. कानामागे बेसल सेल निघालाय. ते स्वतः म्हणतात, राहू दे. घरात दोन तट पडलेत. हृदयही कमजोर आहे. सर्जन म्हणून तुम्ही अशा वेळी काय करता?

टाका_एकेरी
@पाऊलवाट, अवांतर कसलं, हा तर रोजचा प्रश्न. न बघता सल्ला देता येणार नाही, पण मी काय विचारतो ते सांगतो. गाठ आत्ता त्रास देते का? उशी रक्ताने माखते का? पुढच्या दोन-तीन वर्षांत ती कुठे पोचेल, डोळ्याकडे की कुठेच नाही? आणि त्यांना तासन्‌तास आडवं पडणं झेपेल का? सावकाश वाढणाऱ्या गाठीवर नुसती नजर ठेवणं हाही उपचारच आहे. भूल जागेपुरती असल्याने हृदय बऱ्याचदा आड येत नाही. आड येते ती इच्छा, आणि ती त्यांची आहे, दोन तटांपैकी कुणाचीच नाही.

मात्र हे बेसल सेलपुरतं. स्क्वॅमस सेल (त्वचेचाच, पण पसरण्याची जास्त भीती असलेला कर्करोग) किंवा मेलानोमा असता तर मी असं बोललो नसतो.

डॉक्टरांचे_हे
बायको या कामात आहे, त्यामुळे मला अधिकार आहे. कुठल्याही लग्नात आम्ही पाच मिनिटंही सुखाने उभे राहू शकत नाही. 'वहिनी, हा तीळ जरा बघता का' म्हणत लोक कॉलर खाली ओढतात. एका गृहस्थांनी जिथला तीळ दाखवायला सुरुवात केली, तिथे मला मध्ये पडावं लागलं.

थट्टा सोडा. तिची मान गेली आहे. दिवसभर खाली वाकून टाके आणि मधल्या वेळेत वाकून सूक्ष्मदर्शक. पंचेचाळिसाव्या वर्षी डावा हात मुंग्यांनी भरायला लागला तेव्हा कळलं. हे कुठल्याच फेलोशिपमध्ये कोणी शिकवत नाही.

बर्फाची_पाती
इथे डॉक्टर बोलले, रुग्ण बोलले, डॉक्टरांचे हे पण बोलले. आम्ही आतल्या खोलीतले. मी स्लाइड तयार करते, तंत्रज्ञ.

थर माझ्याकडे येतो तो करंगळीच्या नखाएवढा, ओला, गुंडाळू पाहणारा. त्याला उलटा, म्हणजे तळ बाहेर येईल असा, कडा दाबून अगदी सपाट बसवायचा. एक कड जरी वर राहिली तरी काप अपुरा येतो. मग क्रायोस्टॅटमध्ये उणे पंचवीसच्या आसपास गोठवायचा आणि केसापेक्षा बारीक काप काढायचे. पात्यावरून सुटलेला काप कुंचल्याने अलगद धरायचा. श्वास सोडला तरी उडतो. चरबी सगळ्यात वैताग, ती लवकर गोठतच नाही, आणि काप फाटून मध्ये भोक पडतं.

आता हे भोक बघा. सूक्ष्मदर्शकाखाली भोकात काहीच दिसत नाही. काहीच दिसत नाही म्हणजे रोग नाही असं नव्हे, रोग त्या भोकातच असू शकतो. चांगला सर्जन मला परत बोलावतो, "इथली त्वचा कुठे गेली? अजून खोल काप दे." संध्याकाळचे सहा वाजलेले असतात, बाहेर चार जण पट्टी लावून बसलेले असतात. काही जण भोकावरून पुढे सरकतात. मी दोन्ही प्रकारच्या लोकांबरोबर काम केलंय. घाईत असताना स्लाइड नेहमी साफ दिसते.

धारवाली मॅडम, फेलोशिप निवडताना सर किती नावाजलेले आहेत ते नंतर बघा. आतल्या खोलीत जाऊन विचारा की ते काप परत मागतात का.

टाका_एकेरी
@बर्फाची_पाती, +१००. आमच्या तंत्रज्ञ बाई रजेवर असल्या की मी अवघड केस लावत नाही, हे त्यांना माहीत नाही. (वाचत असाल तर पगारवाढीचं नंतर बोलू.)

शिलाई_मशीन
भांडायला आलो होतो, पण मूडच गेला. तरी आमच्या बाजूने एक सांगतो. रोग काढणं अर्धं काम, नाक परत देणं उरलेलं अर्धं. मोठा खड्डा असेल तर कपाळावरची त्वचा देठासकट वळवून नाकावर आणतो. सुमारे तीन आठवडे रुग्ण भुवईपासून नाकापर्यंत सोंड घेऊन हिंडतो, मग देठ कापायचा. ही युक्ती आपल्याकडची बरं का. १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये एका भारतीय गाडीवानाच्या कापलेल्या नाकावर अशी शस्त्रक्रिया झाल्याचं चित्रासह छापून आलं, आणि ते वाचून कार्प्यू नावाच्या इंग्रज सर्जनने १८१४ मध्ये ती करून पाहिली.

कपाळ बुटकं असेल तर त्वचा केसांच्या रेषेपर्यंत घ्यावी लागते, आणि मग नाकाच्या शेंड्यावर केस येतात. माझे एक रुग्ण महिन्यातून एकदा दाढीबरोबर नाकाचीही करतात.

उगाच
कोणाच्या नाकावर टिच्चून केस. बास, मी निघालो.

काळा_तीळ
दुसऱ्या प्रश्नाला, 'हात चुकला तर', कोणी उत्तर दिलेलं दिसत नाही.

टाका_एकेरी
टाळत होतो. लिहितो.

कानशिलावर भुवई उचलणारी एक नस त्वचेच्या अगदी जवळून जाते. सगळ्यांना पाठ असते, मलाही होती. एका आजोबांचा स्क्वॅमस सेल तिथे खोल गेलेला. तिसऱ्या थरात नस गेली. रोगाने धरली होती की माझ्या सुरीने, आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. आधी समजावलं होतं, सही होती, सगळं होतं. टाके काढायला आले तेव्हा म्हटलं, भुवया उडवा बघू. उजवी उडाली, डावी जिथल्या तिथे.

ते दर वर्षी येतात. आले की खुर्चीत बसतात, एका बोटाने डावी भुवई वर उचलतात आणि म्हणतात, "डॉक्टर, आश्चर्य वाटलं!" त्यांचा हा विनोद आहे. मी हसतो. सतरा वर्षांत झालेल्या हजारो बऱ्या केस मला आठवत नाहीत. त्यांची फाइल कुठल्या कप्प्यात आहे ते विचारा.

नाकावरची_पट्टी
डॉक्टर, ते आजोबा दर वर्षी येतात, हे लक्षात घ्या.

शेवटचा_बाक
काडी टाकायला आलो होतो. मागे घेत नाही, पण विझली.

मावशी_२
एक बाळबोध प्रश्न. हा रोग गोऱ्या लोकांचाच ना? आपल्याला एवढी काळजी कशाला?

काळा_तीळ
@मावशी_२, गडद त्वचेत कमी होतो, होतच नाही असं नाही. आणि मेलानोमा होतो तेव्हा बऱ्याचदा उन्हाचा संबंध नसलेल्या जागी: तळपाय, तळहात, नखाखाली. बॉब मार्ली या गायकाच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखालचा मेलानोमा १९७७ मध्ये सापडला, १९८१ मध्ये छत्तिसाव्या वर्षी तो गेला. भाजल्याच्या जुन्या व्रणात वर्षानुवर्षं न भरणारी जखम असेल तर तीही दाखवा, तिथे स्क्वॅमस सेल होतो. नखात नवी काळी रेघ आली, रुंद होत गेली, रंग नखाच्या कडेच्या त्वचेवर उतरला, तर फोटो काढून इथे टाकू नका, डॉक्टरकडे जा.

धारवाली
सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण बर्फाची_पाती यांचं ऐकून मी एका केंद्रात आठवडाभर नुसती बघायला गेले होते. पहिले दोन दिवस आतल्याच खोलीत बसले. तिथल्या तंत्रज्ञ दादांना विचारलं, सर काप परत मागतात का? दादा म्हणाले, "मागतात? वैताग आणतात."

शेवटच्या दिवशीचं सांगते. एका बाईंच्या पापणीच्या कडेचा बेसल सेल, चौथा थर. सहा वाजून गेलेले. सरांनी स्लाइड आधी मला दिली. मी सगळी कड फिरून बघितली आणि म्हटलं, साफ आहे. सर काहीच बोलले नाहीत, फक्त विचारलं, "बघण्याआधी घड्याळाकडे पाहिलंस का?" पाहिलं होतं. पुन्हा बसले. निळ्या रंगाच्या बाजूला, केसाच्या मुळाशेजारी, पेशींचा एक छोटासा पुंजका होता. तो केसाच्या मुळाचाच भाग की रोग, हे मला अजूनही नीट ओळखता येत नाही. सरांनी दादांकडून अजून दोन काप मागवले. केसाचंच मूळ निघालं. म्हणजे माझं उत्तर बरोबर होतं.

पण मी ते बघून दिलेलं नव्हतं. मला ते साफ हवं होतं, म्हणून साफ म्हटलं होतं. परतीच्या प्रवासात हेच डोक्यात घोळत होतं. काळा_तीळ म्हणतात तसं काम बदलेल, औषधं येतील, ते कळलं. मला धास्ती आहे ती त्या सहा वाजताच्या धारवालीची.

फॉर्म भरलाय. घरच्यांना अजून 'तीळ काढायचं शिकायला चाललेय' एवढंच सांगितलंय.

टाका_एकेरी
सहा वाजताचा टाका_एकेरी मलाही रोज भेटतो. मी भिंतीवरचं घड्याळ काढून पाठीमागच्या भिंतीला लावलंय.

शिलाई_मशीन
अभिनंदन! खड्डे गोल काढा, चौकोनी नकोत. बाकी आम्ही बघतो.

उगाच
अभिनंदन. पुढच्या धाग्यात माझ्या पाठीवरचा एक तीळ...

डॉक्टरांचे_हे
झाली सुरुवात.

धारवाली, टेबलाची उंची पहिल्या दिवसापासून कोपराएवढी करून घे. कोणी हसलं तरी.